सप्ताहात आणि ग्रामसभेत तरुण पोरं येतील का?

तुम्ही विचारलंय, गावच्या सप्ताहात पंचविशीच्या आतलं कुणी बसत नाही, ग्रामसभेकडं तर कुणी फिरकतही नाही. इन्स्टाग्राम-यूट्यूबवर उतरलो तर फरक पडेल का? मी पैठण तालुक्यातला. आमच्या सप्ताहाचं चॅनल काही वर्षं मीच बघतोय. फरक पडतो. पण पोरांच्या हातात ते काम दिलं तरच.

आधी न येणारी पोरं आहेत कुठं ते बघा. आमच्याकडची बरीच गावात नसतातच. कुणी लातूरला क्लासला, कुणी पुण्यात अभ्यासिकेत, कुणी वाळूजच्या कंपनीत. रात्री नऊला कीर्तन उभं राहतं तेव्हा त्यांची शिफ्ट चालू असते. त्यांच्यासाठी लाइव्ह करा, मात्र आवाज नीट द्या. पहिल्या वर्षी मी मोबाईल मांडवाच्या खांबाला बांधला, तर टाळ-मृदंगात महाराजांचं एक अक्षर कळेना. पुढच्या वर्षी साउंडवाल्याच्या मिक्सरमधून वायर काढून सरळ मोबाईलला दिली. आता माझा चुलतभाऊ कंपनीच्या बसमध्ये हेडफोन लावून कीर्तन ऐकतो.

रील कापताना मात्र जपा. माझ्या हातून चूक झाली, ती अजून टोचते. पावसानं ओढ दिली होती. महाराजांनी लोकांच्या मनातली शंका मांडली, "टाळ कुटून पाऊस पडणार आहे का?" आणि पुढं दहा मिनिटं तिचं उत्तर दिलं. मला तेवढा प्रश्नच जोरदार वाटला, तेवढाच कापून रील म्हणून चॅनलवर टाकला. सकाळपर्यंत तो कुणाकुणाच्या स्टेटसला, खाली "महाराजच म्हणतात टाळ कुटू नका". काढून टाकून काय उपयोग, तोवर गावोगाव गेलेला. महाराजांचा फोन आला. चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "लेकरा, पूर्वपक्ष टाकलास, सिद्धांत घरी ठेवलास." म्हणजे शंका लोकांपुढं ठेवलीस, तिचं उत्तर ठेवलंच नाहीस. त्या संध्याकाळी मी मांडवात माइकवरून माफी मागितली. तेव्हापासून शंका आणि उत्तर एकाच क्लिपमध्ये, नाहीतर क्लिप नाही. यूट्यूबच्या शॉर्टला आता तीन मिनिटं मिळतात, तेवढ्यात बसतं.

सोपं केलं की उथळ होतं, असं जुनी मंडळी म्हणतील. त्यांना नाथांची आठवण द्या. एकनाथ महाराजांनी याच पैठणात सोळाव्या शतकात भारुडं रचली, ती जोशी, वासुदेव, गोंधळी अशा दारावर येणाऱ्या माणसांच्या तोंडी घातली. लोक ज्या सोंगाला थांबायचे तेच सोंग घेतलं, पण आतला अर्थ पातळ केला नाही.

राजकारणाचं म्हणाल तर पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या, गाड्यांच्या ताफ्याच्या रील्स करू नका. त्या चालतात, पण त्यातून पोरांच्या हाती काही लागत नाही. आणि सप्ताहाचं पेज पॅनलच्या प्रचाराला अजिबात वापरू नका. विधानसभा-लोकसभेला धर्माच्या नावावर मत मागणं १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात भ्रष्ट आचरण धरलंय. गावात तर एकदा का हरिपाठाच्या पेजवर उमेदवाराचा फोटो आला, की अर्धं गाव मांडवातून उठतं.

त्यापेक्षा हिशेब दाखवा. ई-ग्रामस्वराज पोर्टलवर ग्रामपंचायतीचा आराखडा आणि खर्च कुणालाही बघता येतो. आमच्या गल्लीतल्या बीएस्सीच्या एका पोरीनं तिथलं नालीच्या कामाचं पान मोबाईलवर उघडलं, त्याच नालीवर उभी राहिली, आधी पान दाखवलं, मग पायाखालची अर्धवट नाली. बोलली फक्त दोन वाक्यं. मतदानाचं वय १९८९ मध्ये २१ वरून १८ वर आलं, पण आमच्या गावात अठरा-वीसच्या लेकरांनी खर्चाबद्दल तोंड उघडलेलं मी तरी पहिल्यांदाच पाहिलं. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला ती सात-आठ जणांना घेऊन आली. सगळी मागं भिंतीला टेकून उभी. ग्रामसेवकांनी खर्चाचं वाचन "मागच्याप्रमाणे" म्हणून उरकायला घेतलं, तेव्हा मागून तिचा आवाज आला, "सर, नालीचं वाचा." मग सगळं वाचावं लागलं.