धाराशिवहून जोहान्सबर्गला यायचं म्हणतोस तर

पीएचडीला जागा मिळाली आहे, बायको आणि दुसरीतली मुलगी सोबत आणू का, आणि माणूस दोन पायांवर कसा चालू लागला याचा अभ्यास करून पोट भरतं का, असं तू विचारलंस. व्हिसा, फी, विमा सगळं सरकारी पानांवर आहे, ते तिथं वाच. अरे-तुरे करतोय, राग मानू नको. माझ्या पुतण्याच्या वयाचा आहेस.

पोटाचं आधी. नुसत्या जीवाश्मांवर नोकरी फार थोड्यांना मिळते. बरेचजण डॉक्टरकीच्या पोरांना शरीररचना शिकवतात आणि उरल्या वेळात हाडं बघतात. 1924 साली ताउंगच्या लेकराची, म्हणजे इथल्याच ताउंग गावी सापडलेल्या लाखो वर्षांपूर्वीच्या आदिमानवी पोराची, कवटी ज्याच्या हाती आली, तो रेमंड डार्टही इथं शरीररचनेचाच प्राध्यापक. पाठीच्या कण्याकडचं भोक कवटीच्या तळाशी पुढं सरकलेलं दिसलं, म्हणजे डोकं मानेवर सरळ तोललेलं, एवढ्यावरून हे लेकरू उभं चालायचं असं तो म्हणाला. कित्येक वर्षं बड्या लोकांनी त्याचं ऐकलं नाही. तेव्हा शवविच्छेदन शीक, सीटी स्कॅन वाचायला शीक. हारवाडीला मांजरेच्या काठची हत्तीची हाडं हाताळलीस म्हणतोस, चांगलंच आहे. पण ती गाळातली. इथं जोहान्सबर्गजवळच्या स्टर्कफोंटेनच्या गुहेत दगड सिमेंटसारखा. तिथल्या 'लिटल फूट' नावाच्या आदिमानवी सांगाड्याच्या घोट्याची हाडं 1994 मध्ये जनावरांच्या हाडांच्या खोक्यात मिळाली, आणि सांगाडा लोकांपुढं ठेवायला 2017 उजाडलं. घाई असेल तर दुसरं काही बघ.

आपल्याकडं नर्मदाकाठी हथनोऱ्याला 1982 मध्ये मिळालेली कवटी सोडली तर प्राचीन मानवाचं फारसं हाती नाही, म्हणून यावंच लागतं. निदान मी स्वतःला वीस वर्षं हेच सांगतोय.

आता कागद. माझी बी.एस्सी. 1993ची, 'मराठवाडा विद्यापीठ'. एम.एस्सी. 1995ची, 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ'. इथं कागद तपासणाऱ्या खिडकीवरच्या बाईंना ती दोन विद्यापीठं वाटली. 14 जानेवारी 1994ला त्याच विद्यापीठाचा नामविस्तार झाला, त्यासाठी सोळा वर्षं माणसं झगडली, घरं जळाली, हे काचेच्या भोकातून कसं सांगू? एका पत्रासाठी चार महिने गेले. तुझ्या जन्मदाखल्यावर उस्मानाबाद असणार आणि नव्या कागदांवर धाराशिव. दोन्ही एकच, असं शिक्क्याचं पत्र निघण्याआधीच घे. इथून मागवत बसलास तर रडशील.

मुलीला आण. पण शाळा इथं जानेवारीत सुरू होते. माझा पोरगा चौथी पास होऊन जूनमध्ये आला, तर इंग्रजी येत नाही म्हणून पुन्हा चौथीत बसवला. वर आफ्रिकान्स ही इथली आणखी एक भाषा. प्रगतिपुस्तकात बाईंनी लिहिलं, 'स्लो'. परभणीत अख्ख्या गल्लीला तीसपर्यंत पाढे म्हणून दाखवणारं लेकरू! शाळेत जाऊन भांडायला पाहिजे होतं. मी गुहेत होतो, असं बायकोला अजून सांगतो. गुहेत नव्हतो, घरीच होतो. मला इंग्रजीत भांडता येत नव्हतं. पोरगा आता इंजिनिअर आहे. मराठी समजते त्याला, बोलत नाही.

एकटेपणाचं विचारलंस. येतो, सवय होते.

माझी माय परभणीला. दर रविवारी व्हिडिओ कॉल, कधी चुकवला नाही. 2019 मध्ये तीन वर्षांनी घरी गेलो. माय दार उघडायला आली, ती दर पावलाला एका अंगाला झुकत. खुब्याच्या बाजूला एक स्नायू असतो, एक पाय उचलला की कंबर त्या उचललेल्या पायाच्या अंगाला पडू देत नाही. चिंपांझीत त्याची ठेवण वेगळी, म्हणून तो उभा चालताना डुलतो. दरवर्षी फळ्यावर काढतो मी हे. इथिओपियात जिचा सांगाडा मिळाला ती आदिमानवी बाई ल्युसी 32 लाख वर्षांपूर्वी कशी चालायची, ते तिच्या कंबरेच्या हाडावरून पोरांना शिकवतो. मायचं चालणं बिघडून दीड वर्ष झालं होतं. फोनमध्ये ती खुर्चीत बसलेली असायची, नुसतं तोंड दिसायचं.

"कामून सांगितलं नाहीस?"

"तू तिथून काय करणार होतास?"

थंडीचं राहिलं. जून-जुलैत इथं कडाक्याची पडते आणि घरं आतूनही गार असतात. वाकळ आण. सामानात वजन होतं, तरी आण.