कॉकपिटमधली आग आणि ऑक्सिजनचा स्विच: वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांत फ्लाइट सिम्युलेटरवाल्यांचे (म्हणजे कॉम्प्युटरवर विमान उडवायचे खेळ, थोडक्यात ‘सिम’) प्रश्न बरेच आहेत, त्यातले आग आणि ऑक्सिजनबद्दलचे एकत्र घेतोय.

इल-२ या सिममध्ये मी हरिकेन हे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान उडवतो. आग लागली तरी मी शत्रूच्या मागे राहतो, जमलं तर त्याला पाडतो आणि मगच उडी मारतो. मित्र म्हणतो असं खऱ्यात शक्यच नव्हतं. नक्की किती वेळ मिळायचा? (कोल्हापूर)

मित्राचं बऱ्यापैकी बरोबर आहे, पण कारण समजून घ्या. हरिकेनमध्ये पंखांच्या मुळाशी दोन टाक्या आणि तिसरी, २८ गॅलनची म्हणजे साधारण १२७ लिटरची, थेट इन्स्ट्रुमेंट पॅनेलच्या पुढे. पायलटच्या गुडघ्यांसमोर पेट्रोल, मध्ये पातळसा आडोसा. पंखातल्या टाकीला गोळी लागली तरी ज्वाळा आत ओढल्या जायच्या कारण पंख आणि कॉकपिटच्या मध्ये धड बंदिस्त भिंत नव्हती. आणि सगळ्यात वाईट म्हणजे बाहेर पडायला हूड (कॉकपिटचं काचेचं झाकण) मागे सरकवला की हवेचा झोत असा बसायचा की चुलीत फुंकणी मारल्यासारखी आग एकदम चेहऱ्यावर. म्हणजे सुटकेची पहिली पायरीच आग वाढवणारी.

त्यात हातांची कामं बघा. पट्टे सोडायचे, ऑक्सिजनची नळी काढायची, रेडिओची वायर काढायची, हूड उघडायचा, जमलं तर विमान उलटं करून खाली पडायचं, आणि हे सगळं बोटं भाजत असताना. नळी किंवा वायर काढायची राहिली तर माणूस अर्धा बाहेर आणि अर्धा अडकलेला. सिममध्ये आपण एक-दोन बटणं दाबतो आणि पॅराशूट उघडतं, डीसीएस या दुसऱ्या सिममध्ये कंट्रोल-ई तीनदा. जेटमध्ये इजेक्शन सीट (पायलटला बाहेर फेकणारी खुर्ची) असते त्यामुळे तिथे हे ठीकच आहे हो, पण १९४० च्या विमानात ही मोठी सूट आहे, आणि माझ्या मते आगीच्या बाबतीत सिम सगळ्यात जास्त खोटं पडतं ते इथेच. ज्वाळांचं ग्राफिक्स कितीही सुंदर केलं तरी ते पायलटचे हात भाजत नाहीत.

याचे परिणाम काय होते ते इंग्लंडमधल्या ईस्ट ग्रिन्स्टेडच्या क्वीन व्हिक्टोरिया हॉस्पिटलमध्ये दिसले. तिथे न्यूझीलंडहून आलेले सर्जन आर्चिबाल्ड मॅकिंडो भाजलेल्या वैमानिकांचे चेहरे आणि हात पुन्हा घडवत होते. समुद्रात पडलेल्यांच्या जखमा बऱ्या भरतात हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी मिठाच्या पाण्याचे बाथ वापरले. त्या पेशंट्सनी १९४१ मध्ये गिनी पिग क्लब काढला, युद्ध संपेपर्यंत ६४९ सभासद झाले. कंट्रोल्स नीट हाताला लागावेत म्हणून ग्लोव्हज काढणारे आणि नीट दिसावं म्हणून गॉगल वर करणारे जास्त भाजले. सिममध्ये ग्लोव्हज घालायचा पर्याय असता तर किती जणांनी घातले असते?

आता तुमच्या बाजूने एक खरं उदाहरण आहे, ब्रिटिश वैमानिक जेम्स निकोल्सन. १६ ऑगस्ट १९४० ला साउथहॅम्प्टनजवळ त्यांच्या हरिकेनला आग लागली, उडी मारायच्या तयारीत असताना शत्रूचं मेसरश्मिट ११० समोर आलं आणि ते जळत्या कॉकपिटमध्ये परत बसून गोळ्या झाडत राहिले. त्याबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं, आणि संपूर्ण युद्धात ब्रिटिश वायुसेनेच्या फायटर कमांडमधलं ते एकमेव होतं. एवढ्या हजारो उड्डाणांत एकालाच, यावरून ही गोष्ट किती विरळा ते कळतं. पुढे तेच निकोल्सन मे १९४५ मध्ये बंगालच्या उपसागरावर लिबरेटर विमान कोसळून त्यात वारले. तर तुम्ही प्रत्येक मिशनला निकोल्सन होताय तेवढं कमी करा. घरी एक नियम ठेवा, आगीचा झोत दिसला की लढाई संपली, लगेच बाहेर. खेळ अवघड होतो पण शत्रूच्या मागे किती जवळ जायचं याचा विचार आपोआप बदलतो.

डीसीएसमध्ये हॉर्नेट हे जेट घेऊन वर गेलो, ओबॉग्जचा स्विच चालू करायचा राहिला. २० हजार फुटांवर काहीच झालं नाही, बऱ्याच वेळाने अजून वर गेल्यावर स्क्रीन काळी. हा बग आहे का? (पिंपरी)

२० हजारावर काही न होणं बरोबरच आहे! आधी ओबॉग्ज म्हणजे काय ते. ही यंत्रणा इंजिनातून काढलेली हवा झिओलाइटच्या चाळणीतून नेते, नायट्रोजन तिथे अडकतो आणि ऑक्सिजनने भरलेली हवा मास्कमध्ये येते, बाटली भरायची गरज नाही. पण हॉर्नेटचं कॉकपिट स्वतःसुद्धा प्रेशराइज्ड असतं. बाहेर ८ हजार ते साधारण २४ हजार फूट असेपर्यंत आतली हवा ८ हजार फुटांवरच्या सारखीच राहते, म्हणजे मास्क नसला तरी माणूस बरा असतो. त्याच्या वर बाहेरच्यापेक्षा ५ पीएसआय (दाब मोजायचं एकक) जास्त दाब ठेवला जातो, म्हणून ३५ हजारावर आत १४-१५ हजार फुटांसारखं वाटणार. तिथे विचार मंदावतात, पण माणूस धाडकन बेशुद्ध पडत नाही. कॅनॉपी (कॉकपिटवरची काच) फुटली तर मात्र गोष्ट वेगळी. दुसऱ्या महायुद्धातल्या बहुतेक स्पिटफायर किंवा मस्टँगमध्ये असं काही प्रेशर नाही, २५ हजारावर ऑक्सिजन गेला तर कामाची शुद्ध ३ ते ५ मिनिटं, ३० हजारावर एक-दोन मिनिटं, ४० हजारावर १५-२० सेकंद.

माझी खरी तक्रार काळ्या स्क्रीनबद्दल आहे. बरीच सिम्स ऑक्सिजनची कमतरता जोरात वळताना जी-फोर्समुळे येणाऱ्या ब्लॅकआउटसारखी दाखवतात, कडेने अंधार येतो आणि खेळाडूला लगेच कळतं की काहीतरी बिघडलंय. प्रत्यक्षात ते कळतच नाही हाच तर धोका आहे. माणसाला मस्त वाटतं, रंग फिके होतात, नखं निळी पडतात, साधी बेरीज चुकते आणि तरी तो म्हणतो मी एकदम फिट आहे. सिमने हे दाखवायचं तर आधी रंग हळूहळू उतरवावेत, गेज वाचायला त्रास व्हावा, रेडिओवरचे शब्द अर्धवट ऐकू यावेत आणि काळोख सगळ्यात शेवटी. इल-२ ग्रेट बॅटल्समध्ये तर कॉकपिटमधले स्विच दाबताच येत नाहीत, त्यामुळे ऑक्सिजनचा नॉब तिथे शोभेला. खऱ्या स्पिटफायरमध्ये उंची वाढेल तसा पायलटला तो हाताने फिरवावा लागायचा, लढाई चालू असताना.

आग विझवायचं बटण कुठल्या विमानात असतं? (डोंबिवली)

हॉर्नेटमध्ये आग विझवायची एकच बाटली आहे, दोन्ही इंजिनांसाठी मिळून. ए-१० मध्ये दोन. एफ-१६ मध्ये इंजिनासाठी नाहीच, शोधत बसू नका. धूर आला तर मात्र सगळे विसरतात ती गोष्ट, ऑक्सिजन रेग्युलेटरचा पांढरा लिव्हर १०० टक्क्यांवर टाका. नॉर्मलवर तो कॉकपिटची हवा मिसळून देतो, म्हणजे तुम्ही धूरच ओढताय. जुन्या विमानांत रशियन लोकांनी इंजिनाचा थंड केलेला धूर टाकीतल्या रिकाम्या जागेत सोडायची युक्ती केली होती, त्यामुळे पेट्रोलच्या वाफेला पेटायला ऑक्सिजनच कमी. मला ती फार आवडते.

आम्ही मित्र श्वास रोखून किंवा तोंडाला पिशवी लावून हायपॉक्सियाचा (ऑक्सिजन कमी पडण्याचा) सराव करणार आहोत, सिम जास्त खरं वाटेल. काही टिप्स? (औरंगाबाद)

करू नका, प्लीज. पिशवीने जीव जातो, आणि श्वास रोखल्यावर जो गुदमरल्यासारखा त्रास होतो तो कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे, उंचीवर तो त्रास होतच नाही. म्हणजे जीव धोक्यात घालून तुम्ही चुकीचीच गोष्ट शिकणार. वायुसेनेचे पायलट हे बंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनमध्ये कमी दाबाच्या चेंबरमध्ये अनुभवतात, डॉक्टर हजर आणि ऑक्सिजन हाताशी. तुम्हाला सराव हवाच असेल तर चेकलिस्ट वापरा, दर ५ हजार फुटांना मास्क, दाब आणि फ्लो मोठ्याने बोलून तपासा, आणि मित्राला मधेच न सांगता सिममधला ऑक्सिजनचा स्विच बंद करू द्या. किती वेळाने तुमच्या लक्षात येतं ते मला कळवा.