नवा फ्लोअर, पण सर्किट कोणते?

फॉर्म्युला वन गाडीला नवा फ्लोअर (गाडीचा तळ) किंवा तसा सुधारित भाग बसवला, की एका शर्यतीच्या निकालावरून त्या अपग्रेडची पारख करू नका. 2023 मध्ये ऑस्ट्रियात मॅक्लारेन संघाचे नवे भाग फक्त नॉरिसच्या गाडीवर होते, त्याच संघाचा दुसरा चालक पियास्त्री जुन्याच गाडीत होता. एकाच दिवशी, एकाच ट्रॅकवर अशी तुलना क्वचितच मिळते, म्हणून ती आधी पाहावी. पुढे ब्रिटनमधल्या सिल्व्हरस्टोनला नॉरिस दुसरा आला, पण तिथली कॉप्स, बेकेट्ससारखी वेगवान वळणे डाउनफोर्सला (गाडीला रस्त्यावर दाबून धरणाऱ्या हवेच्या जोराला) भरभरून दाद देतात, हे विसरू नये. इटलीतल्या मॉन्झाला तर सगळेच हवा कमी अडवणारे पातळ पंख लावतात, त्यामुळे तिथला टॉप स्पीड पाहून फ्लोअरबद्दल निष्कर्ष काढणे मला तरी पटत नाही. त्यापेक्षा सेक्टरनिहाय (ट्रॅकच्या एकेका टप्प्याच्या) वेळा पाहा, आणि शुक्रवारच्या सरावात मुद्दाम लावलेला, गाडीवर ओघळलेला हिरवा रंगही. हवा कुठून वाहते, हे त्या रेघा दाखवतात.