बाळंतपणानंतरचं डिप्रेशन आणि व्हिडिओवरचे डॉक्टर: तुमचे प्रश्न

प्रश्न (देवगड): पहिल्या वेळी बाळंतपणानंतर डिप्रेशन आलेलं, मुंबईत उपचार झाले. आता सातवा महिना आहे आणि बाळंतपण माहेरी आहे. तेच डॉक्टर व्हिडिओवर चालतील का?

चालतील की. २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांप्रमाणे डॉक्टर देशातल्या कुठल्याही पेशंटला बघू शकतात, आणि तुमचं सगळं माहीत असलेला माणूस मिळतोय तर त्यांनाच धरा. पण बाळ झाल्यावर बघू असं करू नका हां, एकदा झालेलं डिप्रेशन पुढच्या वेळी परत येण्याची शक्यता बरीच जास्त असते, म्हणून आत्ताच बोला, कुठल्या गोळीने गुण आला, कुठलीने त्रास झाला ते कळवा आणि बाळंतपणानंतरच्या कॉलच्या तारखाही आताच ठरवून टाका. पहिले काही दिवस उगाच रडू येणं खूप जणींना होतं, ते ओसरतं. दोन आठवड्यांपुढे टिकलं तर मात्र तारखेची वाट बघायची नाही.

प्रश्न (गुहागर): रेंज फक्त पडवीत येते आणि तिथे सासूबाई बसलेल्या असतात. मी काय बोलणार?

हे सगळ्यात महत्त्वाचं आहे ताई, कारण कोणी ऐकत असलं की बाई "बरी आहे" म्हणून मोकळी होते आणि डॉक्टरांनाही ते खरं वाटतं. कॉल लागला की आधी सांगा, जवळ माणसं आहेत, मग ते हो-नाहीत उत्तर देता येईल असं विचारतील. स्वतःला किंवा बाळाला काही करावंसं वाटतं का, ह्याचं उत्तर तरी खरंच द्या. जमलं तर गावातल्या आशाताईंच्या (आरोग्य खात्याच्या आशा कार्यकर्तीच्या) घरी बसून बोला. १४४१६ ही टेली मानसची सरकारी हेल्पलाइन आहे, २४ तास, फुकट, मराठीत, साधा फोन पुरतो. आणि सासूबाईंनाही डॉक्टरांशी पाच मिनिटं वेगळं बोलू द्या, रात्री तुम्ही झोपता की नाही हे त्यांनाच दिसतं.

प्रश्न (चिपळूण): अंगावर पाजताना गोळ्या चालतात?

बऱ्याच चालतात. सर्ट्रालीन ही डिप्रेशनची गोळी दुधात फार कमी उतरते म्हणून डॉक्टर बऱ्याचदा तीच देतात. मनाने बंद करू नका, एवढंच.

प्रश्न (मुंबई): बायको मालवणला माहेरी आहे, बाळंत होऊन सहा दिवस झाले. तीन रात्री झोपली नाही तरी थकत नाही, बाळ बदललंय म्हणते. घरचे म्हणतात बाहेरचं आहे. व्हिडिओ कॉल लावू का?

नको, हे व्हिडिओवर बघायचं काम नाही. हे बाळंतपणानंतरचं सायकोसिस, म्हणजे खरं-खोटं कळेनासं होतं असा गंभीर मानसिक आजार, असू शकतं, हजारात एक-दोघींना होतं, बहुतेकदा पहिल्या दोन आठवड्यांतच, आणि वेळेत उपचार मिळाले तर बाई चांगली बरी होते. १०८ बोलवा, जवळच्या मोठ्या हॉस्पिटलात न्या, तोवर तिला एकटं सोडू नका आणि बाळाजवळ कायम कोणीतरी थांबा. तिच्यावर ओरडू नका, वाद घालू नका, ती हे मुद्दाम करत नाहीये. ॲडमिट केलं तर बाळ तुटेल अशी भीती घरच्यांना असते, पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात तीन वर्षांखालचं मूल सहसा आईपासून वेगळं करायचं नाही असंच आहे, धोका असेल तर तेवढ्यापुरतं करतात. तुम्ही मुंबईहून पोचेपर्यंत त्यांना थांबवू नका, आत्ताच फोन करून निघायला सांगा.