पुतणी माझ्याकडंच आहे, मग मी तिचा कायदेशीर पालक झालो का?

तुम्ही विचारलंय की भाऊ-वहिनी गेल्यापासून पुतणी तुमच्याकडं आहे, सातबाऱ्यावर तिच्या नावापुढं ‘अ.पा.क. चुलता’ लागलंय, मग तुम्ही पालक झालात का आणि वकील वॉर्ड म्हणतात ते काय. दादा, नाही झालात. मी पण दोन वर्षं ह्याच समजात होतो.

अ.पा.क. म्हणजे अज्ञान (अठराच्या आतल्या लेकराचा) पालनकर्ता, ही नोंद महसूलच्या कागदापुरती. 1956 च्या हिंदू कायद्यात नैसर्गिक पालक म्हणजे बाप आणि आई, चुलता, मामा, आजी कितीही जीव लावू द्या त्यात बसत नाहीत. आम्ही परभणी जिल्ह्यातले, माझा पुतण्या सात वर्षांचा होता, भावाचे पैसे बँकेत अडकले, मॅनेजर म्हणाले लेकरू तुमच्याकडं आहे ते दिसतंय हो, पण कोर्टाची ऑर्डर आणा.

मग 1890 च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली जिल्हा कोर्टात अर्ज केला. सांभाळासाठीचा अर्ज मूल जिथं नेहमी राहतं तिथल्याच कोर्टात करायचा, मालमत्तेसाठीचा मालमत्ता जिथं आहे तिथंही चालतो. वॉर्ड म्हणजे पाल्य, ज्या अज्ञान लेकराच्या सांभाळाला किंवा मालमत्तेला किंवा दोन्हीला पालक आहे ते. सांभाळ एकाकडं, मालमत्ता दुसऱ्याकडं असंही होतं. कोर्ट बघतं फक्त लेकराचं हित, आणि कळत्या वयाचं असलं तर त्यालाही विचारतं. जज साहेबांनी पुतण्याला आत एकट्याला बोलावलं, मी बाहेर बाकावर घामाघूम. येताना एसटीत मी विचारलं काय सांगितलंस रे, तर म्हणाला, ‘काका रात्री कडी लावतो मग मला झोप येते असं सांगितलं.’

ऑर्डर मिळाली म्हणजे आपण मालक झालो असं धरू नका. कोर्टानं नेमलेल्या पालकाला कोर्टाच्या परवानगीशिवाय पाल्याची जमीन विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, पाच वर्षांच्या वर भाडेपट्ट्यानं देता येत नाही. तशी विकली तर पोरगी सज्ञान झाल्यावर तीन वर्षांत दावा लावून व्यवहार रद्द करून घेऊ शकते. आणि जुनी माणसं कोर्टाचा पालक असला की 21 वर्षं म्हणतात ना, ते 1999 ला बदललं, आता 18 च.

पुतणीच्या पैशाचं खातं वेगळं ठेवा, आपल्यात मिसळू नका. मी एक वही केलीय, त्याच्या वावरातलं सोयाबीन कितीला गेलं, फी, बूट, दवाखाना सगळं तारखेनं लिहितो, अठराचा झाला की वही त्याच्या हातात देणार आहे.