लॅब्रेडॉर कुत्र्याच्या बरगडीवर मऊ गाठ आलीय, सोडून द्यायची का?

प्रश्न: आमचा लॅब ८ वर्षांचा आहे, वजन जरा जास्तच आहे. उपवनला फिरवून आणल्यावर गोचीड बघत होते तेव्हा बरगडीजवळ लिंबाएवढी मऊ गाठ हाताला लागली. दुखत नाही, खातो-पितो मस्त. व्हेटनी हात लावून सांगितलं चरबीची आहे, घाबरू नका. सोसायटीतल्या काकू म्हणतात चुना लावा, बसेल. काय करू?
– एक वाचक, वसंत विहार, ठाणे

उत्तर: ताई, चुना अजिबात लावू नका, कातडी भाजेल, तो चाटेल म्हणजे जीभही भाजेल आणि गाठ आहे तिथेच राहील.

तुम्ही सांगताय त्यावरून चरबीचीच असण्याची शक्यता बरीच आहे, म्हणजे लायपोमा, वयस्कर आणि जाड लॅबना ती होतेच, आणि चालताना अडत नसेल तर काढायचीही गरज नसते. पण नुसत्या हाताने हे पक्कं कोणीच सांगू शकत नाही, डॉक्टर कितीही अनुभवी असू देत. कारण मास्ट सेल ट्यूमर नावाचा कातडीचा कॅन्सर कुत्र्यांमध्ये बऱ्यापैकी कॉमन आहे, लॅब, बॉक्सर, पग यांच्यात जास्तच, आणि तो कधीकधी अगदी असाच मऊ लागतो. त्याच्या पेशींत हिस्टामिन नावाचं सूज आणणारं रसायन असतं, त्यामुळे गाठ एकदम सुजते, लाल होते, मग परत लहान होते आणि घरच्यांना वाटतं चला, बरी झाली. म्हणून ती दाबत, चोळत पण बसू नका.

व्हेटना सरळ सांगा, एफएनएसी करायचीय. साध्या इंजेक्शनच्या सुईने थोड्या पेशी काढून काचेवर घेतात आणि मायक्रोस्कोपखाली बघतात, भूल बहुतेक वेळा लागत नाही. वाटाण्याएवढी गाठ महिनाभर राहिली तरी ही टेस्ट करावी असं माझं ठाम मत आहे, तुमची तर लिंबाएवढी आहे! जवळ सोय नसेल तर परळच्या बैलघोडा हॉस्पिटलमध्ये विचारा.

चरबीच निघाली तर वजन उतरवा आणि दर महिन्याला टेपने मोजून फोटो काढून ठेवा. मास्ट सेल निघाला तर ऑपरेशन लांबवू नका, गाठ लहान असताना आजूबाजूच्या थोड्या चांगल्या कातडीसकट काढली तर बरेच कुत्रे पूर्ण बरे होतात. आणि रिपोर्टची वाट बघताना गाठ फुटली, भराभर वाढली, उलट्या किंवा काळी शी झाली तर त्याच दिवशी घेऊन जा.