गावतलावाभोवती बगीचा करायचा आहे (भंडारा जिल्ह्यात, साकोलीकडे). आमचा नैसर्गिक तलाव किती खोल खोदावा?

खोदूच नका. आणि 'नैसर्गिक' कशाला म्हणता? आपल्याकडचा असा तलाव बहुतेक मामा तलावच, म्हणजे माजी मालगुजारी, सारा वसूल करणाऱ्या मालगुजारांच्या काळातला. कोहळी समाजातल्या लोकांनी तीन बाजूंचा उतार हेरून चौथीकडे मातीची पाळ घातली. नवेगाव बांधचा अवाढव्य तलावही असाच, 1975 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं ते त्याच्याभोवती. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले, आणि गाळ काढायचा कोणी हे भिजत पडलं.

माझ्या गावच्या तलावात पूर्वी पाळीजवळ दोन पुरुष पाणी, वरच्या अंगाला जेमतेम घोटा बुडेल एवढं. त्या उथळात देवधान (रानटी भात), पुढे कमळ. कमळपक्षी पानांवर अंडी घालायचा. उन्हाळ्यात पाणी सरकलं की गाळात काकडी लावायचे.

आमचे मामाजी सरपंच झाले आणि पोकलेन आली. मी म्हटलं, गाळ काढा, पण खालचा चिकण थर फोडू नका, काठ उभे कापू नका. वीस माणसांदेखत म्हणाले, "तू पुस्तकं वाच गा बाबू, तलाव आमी पाहून घेऊ." मुरूम लागला तरी मशीन थांबली नाही. पावसाळ्यात तलाव तुडुंब, सलंग (जादा पाणी जायचा सांडवा) वाहिला, मामाजींना हार. संक्रांतीला डबकं. पाणी मुरमातून मुरून गेलं. उभ्या काठाला उथळ जागाच उरली नाही, म्हणून कमळही गेलं. मे महिन्यात एक म्हैस आत उतरली ती वर चढेना. आठ जणांनी दोर लावून काढली. त्यात मी होतो. म्हैस मामाजींची.

बगीच्याचं म्हणाल तर पाळीवर सिमेंटचा ट्रॅक नको, मातीची पाळ बसते, तडे जातात. बाकं जांभळीखाली ठेवा. काठावरचं बेशरम हे तण मुळासकट उपटा, दरवर्षी.

हां, गाळ खरंच चढला असेल तर वरचा काळा थर ट्रॅक्टरने शेतात न्या, माती बदलली की थांबा. किती फूट ते जाणत्या इंजिनिअरला विचारा, मी गणिताचा मास्तर.

मामाजी अजून म्हणतात, त्या साली पाऊसच कमी होता. सलंग वाहतानाचा फोटो मात्र त्यांच्याच बैठकीत टांगलेला आहे, तारखेसकट.